पात्रता मुलाची की शाळेची?

जयपूर शहराच्या आग्नेयेला अरवलीचा एक फाटा थेट वस्तीपर्यंत येऊन थांबतो. त्याचे नाव झालाना. टेकडीच्या आतल्या अंगाला बिबट्यांसाठी राखलेले वन आहे आणि बाहेरच्या अंगाला सरकारी संस्थांच्या इमारतींची रांग. पर्यटक आत जातात. शिक्षणखात्याचे कागद वाचण्याची खोड असलेले माझ्यासारखे लोक बाहेरच्या रांगेतच रमतात. शालेय पुस्तके छापून राज्यभर पोहोचवणारे राजस्थान राज्य पाठ्यपुस्तक मंडळ इथे आहे. विद्यापीठीय स्तरावरचे ज्ञान हिंदीत आणण्यासाठी १९६९ साली स्थापन झालेली राजस्थान हिंदी ग्रंथ अकादमी इथेच आहे. संस्कृत, सिंधी आणि ब्रजभाषा यांच्या अकादमींना तर एकाच संकुलात जागा मिळाली आहे. भाषेला राज्यसंस्थेने दिलेला पत्ता कसा दिसतो, हे पाहायचे असेल तर झालानाला यावे.

गेल्या हिवाळ्यात मी या रस्त्याने चाललो होतो, तेव्हा सोबत एक निवृत्त सिंधी शिक्षक होते. फाळणीनंतर त्यांचे वडील जयपूरला आले. पुढे या गृहस्थांनी आयुष्यभर सिंधी शिकवले. अकादमीच्या दारापाशी थांबून ते जे म्हणाले त्याचा सारांश असा, की आमच्या भाषेला इमारत मिळाली, पुरस्कार मिळाले, संविधानाच्या आठव्या अनुसूचीत १९६७ सालीच स्थान मिळाले. मिळत नाही ते वर्गातले दहावे मूल.

हे दहावे मूल म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक ठराव केला. प्रादेशिक भाषेहून वेगळी मातृभाषा असणारी किमान ४० मुले एखाद्या शाळेत असतील, किंवा एका वर्गात किमान १० असतील, तर त्यांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकवण्यासाठी निदान एक शिक्षक नेमावा, असा त्याचा आशय. पुढे राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद ३५० क आणि ३५० ख संविधानात आले. पहिल्याने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. दुसऱ्याने या सोयींवर लक्ष ठेवणारा विशेष अधिकारी निर्माण केला. माध्यमिक स्तरासाठी नंतर आणखी वरचा आकडा ठरला: शेवटच्या चार इयत्तांत मिळून ६० विद्यार्थी आणि प्रत्येक इयत्तेत १५.

हे आकडे ठरवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल शंका नको. त्या काळी शाळाच कमी होत्या, शिक्षक त्याहून कमी. निदान इतकी मुले असतील तर सरकारला नकार देता येऊ नये, म्हणून तो आकडा होता. म्हणजे आकडा सरकारला बांधण्यासाठी होता. पण गेल्या पाऊणशे वर्षांत त्याचा अर्थ हळूहळू उलटला. आज तोच आकडा मुलाला सांगतो की तू नववा आहेस, म्हणून तुला हक्क नाही. राज्याच्या कर्तव्याची किमान मर्यादा ही मुलाच्या हक्काची पूर्वअट झाली.

या पूर्वअटीत एक चक्र दडलेले आहे. भाषेचा शिक्षक नसलेल्या शाळेत ती भाषा मागणारी मुले सहसा जातच नाहीत. गेली तरी पालक प्रवेश अर्जात जी भाषा उपलब्ध आहे तीच लिहितात. मग पुढच्या वर्षी नोंदींतून सिद्ध होते की मागणी नाही. शिक्षक नाही म्हणून मुले नाहीत आणि मुले नाहीत म्हणून शिक्षक नाही. नाकारलेली मागणी कोणत्याच रकान्यात बसत नसल्याने ती शून्य म्हणून मोजली जाते. शिवाय एखाद्या शाळेत तृतीय भाषेचे पद एकच असेल, तर दोन भाषांची मुले एकमेकांची प्रतिस्पर्धी होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये जयपूरच्या एका सरकारी शाळेत उर्दूच्या जागी संस्कृत आणण्याच्या आदेशावरून मोठे वादळ उठले. त्याला राजकारणाचा रंग होता, हे खरेच. पण ज्या व्यवस्थेत एका भाषेचे येणे म्हणजे दुसरीचे जाणे असते, तिथे असे वादळ उठवणे फार सोपे असते.

आकड्याची अट ही पात्रतेची एक रीत झाली. दुसरी रीत गुणांची. तिचे सर्वात नेटके उदाहरण सिंगापूरचे आहे. तिथे माध्यमिक शाळेत मातृभाषा सर्वांना शिकावी लागते, पण ‘उच्च मातृभाषा’ हा वरचा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला नसतो. प्राथमिक शाळेच्या अखेरच्या परीक्षेत चार विषयांची मिळून ४ ते ३२ अशी गुणश्रेणी असते आणि तिच्यात आकडा जितका लहान तितकी कामगिरी सरस मानतात. अलीकडेपर्यंतच्या नियमानुसार एकूण ८ वा त्याहून सरस गुण असतील तर विद्यार्थी पात्र ठरत असे. ९ ते १४ मध्ये असेल तर मातृभाषेतली कामगिरी विशेष चांगली असावी लागे. त्यापलीकडच्या मुलांबाबत शाळेला काही मोकळीक असे, पण नियमाचा कल स्पष्ट होता. गणितात आणि विज्ञानात चमकणाऱ्या मुलाला मातृभाषेच्या वरच्या वर्गाचे दार आपोआप उघडत असे. ज्याला त्या विषयांत रस नाही, पण जो आजीशी तमिळमध्ये तासन्‌तास बोलतो, त्याला स्वतःला सिद्ध करावे लागे.

या नियमामागचा विचारही समजून घेण्याजोगा आहे. वरचा अभ्यासक्रम म्हणजे जादा ओझे, ते पेलणाऱ्यालाच द्यावे, असा तो होता. मात्र त्यातून मातृभाषा हे बुद्धिमान मुलाचे भूषण ठरत असे, सर्वांचा वारसा राहत नसे. मराठी वाचकांसाठी या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. सिंगापूरच्या शाळांत चिनी, मलय आणि तमिळ या अधिकृत मातृभाषांखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या पाच भारतीय भाषा घेता येतात. त्यांत मराठी नाही. तिथल्या मराठी घरातली मुले बहुधा हिंदी ही ‘मातृभाषा’ म्हणून शिकतात, आणि मराठी उरते ती घरात किंवा सुट्टीच्या दिवशीच्या वर्गात.

अर्थात मराठी मुलाने परक्या यादीत आपली भाषा शोधावी यासाठी सिंगापूरला जाण्याची गरज नाही. झालानाहून परतल्यावर त्या संध्याकाळी मी एका मराठी कुटुंबाकडे जेवायला होतो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीने जयपूरला आलेले. मुलगी नववीत जाणार होती. ती घरात मराठी वाचते, लिहिते, आणि तिला ती विषय म्हणून शिकायची होती. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. शाळेने मात्र सौजन्याने सांगितले की आणखी विद्यार्थी असतील तर पाहू. मुलीने मला विचारले, “काका, यादीत मराठी आहे, मग शाळेत का नाही?” मी धोरणांबद्दल पुष्कळ लिहिले आहे, पण या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता आले नाही.

खरे उत्तर असे, की यादी मंडळाची असते आणि वर्ग शाळेचा. मंडळाने परवानगी देणे आणि शाळेने सोय करणे यांच्यामध्ये कोणाचेच कर्तव्य नेमलेले नाही. संविधानाचा ३५० क प्राथमिक स्तरापाशी थांबतो. शिक्षण हक्क कायदाही माध्यमाविषयी बोलताना ‘शक्य असेल तितपत’ अशी पळवाट ठेवतो आणि आठवीला संपतो. वरच्या वर्गांत मातृभाषा शिकण्याचा हक्क हा कायद्याच्या नकाशावरचा कोरा भाग आहे. आणि नेमका तिथेच २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मोठी अपेक्षा ठेवते: माध्यमिक शिक्षण संपताना विद्यार्थ्याला तीन भाषांत मूलभूत प्रावीण्य असावे आणि त्यांपैकी एक भारतीय भाषा त्याने साहित्याच्या पातळीवर आत्मसात केलेली असावी. साहित्याची पातळी! शब्द उमदा आहे. पण ती गाठायला वर्ग कुठे आहे, हे धोरण सांगत नाही.

आता राजस्थानातली सर्वात विलक्षण गोष्ट सांगतो. झालानाच्या त्या भाषासंकुलात मी ज्या भाषेची पाटी शोधत होतो, ती तिथे नव्हती. राजस्थानी भाषा, साहित्य आणि संस्कृतीची अकादमी १९८३ पासून आहे, पण ती बिकानेरला. हा केवळ पत्त्याचा प्रश्न असता तर मी त्याचा उल्लेख केला नसता. राज्याचे शिक्षण मंडळ अजमेरला आहे, शिक्षण संचालनालय बिकानेरला. राजस्थानात कारभार असा वाटलेलाच आहे. प्रश्न शाळेतल्या जागेचा आहे. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या विषयांत हिंदी, उर्दू, सिंधी, गुजराती आणि पंजाबी साहित्याच्या रांगेत राजस्थानी साहित्यही आहे. विद्यापीठांत राजस्थानीचे विभाग आहेत, प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत तो विषय आहे. साहित्य अकादमीने या भाषेला मान्यता दिली आणि १९७४ साली विजयदान देथा यांना ‘बातां री फुलवाड़ी’साठी पुरस्कारही दिला. म्हणजे शिडीच्या वरच्या पायऱ्या सगळ्या शाबूत आहेत. नाहीत त्या खालच्या. पहिलीपासून दहावीपर्यंत राजस्थानी हा सार्वत्रिक विषय नाही. सहावीनंतरच्या तृतीय भाषांत संस्कृत, उर्दू, सिंधी, गुजराती, पंजाबी येतात. ज्या भाषेत राज्यातल्या बहुतांश खेड्यांतली आई मुलाला हाक मारते, ती येत नाही.

परिणामी ढुंढाडी किंवा मारवाडी बोलणाऱ्या घरातले मूल दहा वर्षे आपल्या भाषेचे एकही पान शाळेत वाचत नाही, आणि सोळाव्या वर्षी त्याला सांगितले जाते की तू तिचे साहित्य ‘घेऊ’ शकतोस. इथे गुणांची अट नाही, पूर्वशिक्षणाची अट नाही. कागदावर प्रत्येकजण पात्र आहे. पण जिथे पहिल्या दहा पायऱ्या नाहीत तिथे अकराव्या पायरीवर उभे राहण्याची मुभा ही मुभा नसते. शिवाय ज्या उच्च माध्यमिक शाळेत हा विषय मंजूर नाही, तिथे तो निवडताही येत नाही. दोष मुलाच्या पात्रतेत शोधण्याची आपल्याला सवय असल्यामुळे हा अडथळा अडथळा म्हणून दिसतच नाही.

यावर दिले जाणारे उत्तर ठरलेले आहे: कोणती राजस्थानी? मारवाडी, मेवाडी, ढुंढाडी, हाडोती की वागडी? २०११ च्या जनगणनेत सुमारे २ कोटी ५८ लाख लोकांनी आपली मातृभाषा राजस्थानी आणि ७८ लाखांनी मारवाडी सांगितली, तरी हे सारे आकडे हिंदीच्या एकूण बेरजेत गेले. आठव्या अनुसूचीत समावेश व्हावा म्हणून राज्य विधानसभेने २००३ साली ठराव केला. तो समावेश आजही झालेला नाही. प्रमाणभाषेचा प्रश्न खरा आहे, पण तो सुटल्याशिवाय शाळा सुरू होऊ नये, हा युक्तिवाद मराठी माणसाला तरी पटू नये. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांचा हिशेब आधी पूर्ण करून मग मराठी शाळा काढायच्या असे ठरले असते, तर मराठी शाळा निघाल्याच नसत्या. प्रमाणभाषा शाळेत घडत गेली.

हे सर्व वाचून, राजस्थानची गोष्ट आम्हाला कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणून आता महाराष्ट्राकडे येतो. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. विरोध झाल्यावर १७ जूनच्या निर्णयात शब्द मवाळ झाले. सर्वसाधारणपणे हिंदी, पण दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर तीही शिकता येईल, मात्र इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांची तशी इच्छा असावी. तितके नसतील तर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या दोन महिन्यांत हिंदीवर जितकी चर्चा झाली, तितकी त्या २० च्या आकड्यावर झाली नाही. खरे तर धोरणाचे मर्म त्या आकड्यात होते. एका भाषेला काहीच सिद्ध करावे लागत नव्हते, उरलेल्या सर्व भाषांना प्रत्येक इयत्तेत वीस डोकी उभी करावी लागत होती. १९४९ चा दहाचा आकडा अपुरा म्हणून आपण तक्रार करतो, आणि २०२५ मध्ये तो सहज दुप्पट होतो.

मराठी समाज या प्रश्नात दोन्ही बाजूंना उभा आहे. महाराष्ट्रात तो बहुसंख्य आहे; २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली आहे, आणि ते योग्यच आहे. पण जयपूर, इंदूर, बेळगाव किंवा सिंगापूर इथे तोच समाज दहावे मूल शोधत फिरतो. बहुसंख्य म्हणून आपण जो आकडा इतरांपुढे ठेवू, तोच अल्पसंख्य म्हणून आपल्यापुढे ठेवला जाईल. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठीबरोबरच हिंदी, गुजराती, उर्दू, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी माध्यमांतून चालत आल्या आहेत. ही आपलीच परंपरा आहे. तिच्यापुढे वीसची अट खुजी वाटते.

शिक्षकांचा खर्च हा आक्षेप मी हलका मानत नाही. तीन मुलांसाठी एक पूर्णवेळ पद निर्माण करणे कोणत्याही राज्याला परवडणार नाही. मात्र उपाय नवे शोधायचेही नाहीत; त्यांतले दोन जुन्या फायलींत आहेत. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या साठाव्या दशकातल्या योजनांतच अशी तरतूद सुचवलेली होती की शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी पालकांच्या भाषिक पसंतीची आगाऊ नोंदणी करावी आणि एका शाळेत संख्या भरत नसेल तर शेजारच्या शाळांतली मुले एकत्र करावीत. म्हणजे मोजणी वर्गाची करायची नाही, परिसराची करायची. आज प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद संगणकावर आहे. एका तालुक्यातल्या बारा शाळांतली बारा मुले शोधणे हे १९६१ मध्ये अवघड होते, आज नाही. त्या बारांसाठी आठवड्यातून दोनदा एका शाळेत येणारा शिक्षक नेमता येतो.

दुसरी गोष्ट, वरच्या वर्गाचा प्रवेश इतर विषयांच्या गुणांवर किंवा आधी किती वर्षे तो विषय घेतला यावर ठरू नये. त्या भाषेतला एक उतारा वाचता येतो का, त्यावर चार ओळी लिहिता येतात का, एवढे पाहावे. नसेल येत तर नकाराऐवजी एक पूर्वतयारीचे सत्र द्यावे. तिसरी, परीक्षेचा हक्क शिक्षकाच्या पदापासून वेगळा करावा. शाळेत शिक्षक नाही म्हणून मुलाला मंडळाच्या यादीतल्या भाषेची परीक्षाच देता येऊ नये, हे अन्यायाचे आहे. आणि चौथी, माझ्या मते सर्वात स्वस्त: प्रत्येक शाळेने दरवर्षी कोणती भाषा किती मुलांनी मागितली आणि किती जणांना नाही म्हटले, याची नोंद प्रसिद्ध करावी. नकार मोजला गेला की मागणी दिसू लागते.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात म्हटले, की मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, राज्य नव्हे. तो निकाल इंग्रजी माध्यमाच्या बाजूने गेला म्हणून आपल्यापैकी अनेकांना खटकला. पण त्या तत्त्वाची दुसरी बाजूही घ्यायला हवी. मातृभाषा कोणती हे पालकांनी सांगायचे असेल, तर ते सांगितल्यावर ऐकून घेण्याचे बंधन कोणावर तरी असले पाहिजे. आज पालक सांगतो आणि शाळा विचारते, आणखी नऊ कुठे आहेत?

झालानाच्या टेकडीत वनखाते बिबट्यांची मोजणी करते. त्यासाठी पाणवठ्यांवर कॅमेरे लावतात, ठसे पाहतात, एकेका जनावराच्या ठिपक्यांची ओळख ठेवतात. दहा जण एकत्र आलात तरच तुमची नोंद होईल, असे कोणी त्यांना सांगत नाही. शोधण्याचे काम खात्याचे आहे, हे सर्वांना मान्य आहे. टेकडीच्या बाहेरच्या अंगाला बसलेल्या शिक्षणव्यवस्थेकडून मुलांसाठी याहून अधिक काही मागण्याची गरज नाही. नववीतल्या त्या मुलीची पात्रता तपासून झाली आहे. ती मराठी वाचते, लिहिते आणि पुढे शिकू इच्छिते. तपासायची राहिली आहे ती शाळेची पात्रता.